उन्हात वाळवलेले फोटो

हे मी अजून कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, देवापुढे तर नाहीच. देवासमोर उभा राहिलो की मुलांच्या तब्येतीचं काहीतरी पटकन मागतो आणि सटकतो. मग तुमच्यापुढे का बोलतोय? कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या गावात, गोडदेवच्या नाक्यावर आपण समोरासमोर आलो तरी ओळखणार नाही. एवढा आडोसा मला लागतोच — काय करू, मी भित्रा माणूस आहे. पोरवयापासून आहे. आणि ही सगळी हकिगत भित्रेपणाचीच आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी कुठे शहाणपणा करायला लागलो तर मला तिथेच धरा.

सध्या मोबाइल वाजला तरी आधी नंबर न्याहाळतो, मगच उचलतो. कुरियरवाला दारात दिसला की पहिला विचार — आली नोटीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. परवा जेवता जेवता हात थांबला माझा, तर ही म्हणाली, "काय झालाय तुमाला? ताटात जीव न्हाय तुमचा." मी म्हटलं, ॲसिडिटी. आता सगळ्याला ॲसिडिटीच म्हणतो.

आमचं घराणं मूळचं मिठागरातलं. आजोबांपर्यंत मीठ आणि भात, बाबांच्या काळात दोन्ही संपलं आणि जमिनीवर गाळे उभे राहिले. त्यातल्या एका मोठ्या गाळ्यात मी जुन्या दफ्तराचं गोदाम चालवतो. लोकांना कागद फेकता येत नाहीत आणि ऑफिसात ठेवायला जागा नसते. मग ते खोक्यांत भरून, सील लावून माझ्याकडे पाठवतात. बँका, हॉस्पिटलं, वकील — आणि परदेशातली एक मोठी मदतसंस्था. पूर, भूकंप, लढाई, जिथे माणसं उघड्यावर पडतात तिथे ती जाते. तिच्या मुंबईच्या कचेरीचं सगळं जुनं दफ्तर माझ्याकडे. काय तोरा होता मला त्याचा! लग्नात कुणी सहज विचारलं, जयवंत, काय चाललंय, की मी बँका सोडून आधी त्या संस्थेचं नाव घ्यायचो. जशी काही पूरग्रस्तांना मीच खिचडी वाढत होतो.

बहुतेक खोक्यांत रटाळ कागद. औषधांच्या पावत्या, तंबूंचे हिशेब. पण काहींत फोटो होते. फार वर्षांपूर्वी लांबच्या एका राज्यात पूर आला होता, त्यात घरच्यांपासून तुटलेल्या लहान मुलांचे. छावणीत प्रत्येक मुलाला उभं करायचे, हातात पाटी द्यायचे, पाटीवर खडूने नंबर. हे फोटो मग गावोगाव फिरवायचे. कुणी आपलं पोर ओळखलं तर त्याच्या ताब्यात द्यायचं, अशी त्यांची पद्धत. ज्यांना घ्यायला कुणी आलंच नाही, त्यांचे फोटो शेवटी खोक्यात आणि खोकं माझ्याकडे.

खाडीकाठचं गाव आमचं. म्हणून रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, असं संस्थेशी ठरलं होतं. ती अट मीच सुचवली होती, आपण किती जाणकार आहोत ते दाखवायला. मग एक नवं मोठं गिऱ्हाईक आलं, त्याला वरची जागा पाहिजे होती. मी फोटोंची खोकी खाली सरकवली. कोण बघतंय? शिवाय बाबा नेहमी सांगायचे, आपल्या जागेत पानी येत न्हाय, बांध हाय. खरं होतं ते — बांध होता तोवर. तो कधीच बिल्डिंगांसाठी टाकलेल्या मातीच्या भरणीखाली गेला होता, माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. तरी मी मनातल्या मनात त्याच बांधावर विसंबून राहिलो. आमच्यातले अजून कितीतरी जण तसेच राहतात.

एका उधाणाला खाडीचं पाणी गटारातून उलटं आलं. पाऊस नाही, वारा नाही, लख्ख ऊन पडलेलं. शटर उचललं तर गाळ्यात घोट्याएवढं पाणी, आणि खालची खोकी तळापासून मऊ पडलेली. हात लावला की पुठ्ठा हातात यायचा. पाचावर धारण बसली माझी. त्या क्षणी काय करायचं होतं? फोन. संस्थेला एक फोन करायचा होता, एवढंच. नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. मी त्या नंबराकडे बघत उभा राहिलो, आणि मग शटर आतून ओढून घेतलं.

ओलं झालं की उन्हात टाकायचं — आम्हाला जन्मापासून दुसरा उपाय माहीतच नाही. मासळी, मीठ, पापड, गाद्या, सगळ्याला एकच. मी ते फोटो टोपल्यांत भरून गच्चीवर नेले. एकेक पसरायला जागा पुरेना. आणि गच्ची उघडी, आजूबाजूच्या बिल्डिंगांतून कुणी विचारलं तर? म्हणून चळती केल्या. फडक्याने जरा पुसायचो, एकावर एक ठेवायचो. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर लाद्या ठेवल्या. संध्याकाळपर्यंत ऊन कडक होतं. मला तर देव पावल्यासारखं वाटलं.

लाद्या उचलल्या तेव्हा चळतीच्या विटा झाल्या होत्या. एकही फोटो सुटेना. नख घालून ओढला की चित्र खरवडून यायचं आणि खाली पांढरा कागद. कडांना मीठ फुटलं होतं. मिठागरवाल्याच्या घरात मीठ ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. 

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, अज्ञान होतं, चूक झाली. मीही स्वतःला तेच सांगत होतो, फार वर्षं. पण चूक झाल्यावर माणूस बोंबलतो ना? मी नवी खोकी आणली, जुनी लेबलं जपून काढून नव्यांवर डकवली. सुकलेले कागद आत टाकले, वजन भरायला रद्दी घातली आणि सील मारलं. फोटोंच्या विटा प्लॅस्टिकात बांधून घरी माळ्यावर ठेवल्या. तेव्हाच फेकून का नाही दिल्या? सांगता येत नाही. पोरांचे चेहरे होते, हात धजला नाही. ते चांगुलपण होतं असं समजू नका. तीही भीतीच होती, पापाची.

पुढे बरीच वर्षं कुणी त्या खोक्यांचं नाव काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी जवळजवळ विसरलो.

मग संस्थेतून डिसोझा मॅडमचा फोन आला. त्या तिथलं जुनं दफ्तर सांभाळतात. म्हणाल्या, पुरातली एक मुलगी आता मोठी झालीय, तिला भावाचा शोध घ्यायचाय. तिच्या कागदावर भावाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. पण छावणीत तिचा फोटो काढलाय, नंबर मिळालाय. त्या फोटोत भाऊ असला, तर निदान तो होता हे तरी ठरेल, आणि चेहरा हातात आला की तिकडे पुन्हा फिरवता येईल. दुसरी प्रत कुठेच नाही, सगळं तुमच्याकडच्या खोक्यावर आहे, जयवंतजी. मी दोन दिवस मागून घेतले. मग कळवलं की खोकं उघडून पाहिलं, त्यात फक्त कागद आहेत, फोटो आमच्याकडे कधी आलेच नव्हते. आवाज हलला नाही माझा. त्याचंच मला नंतर जास्त भय वाटलं.

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? इतकी वर्षं माझ्याकडचं एक खोकं इकडचं तिकडे झालं नव्हतं.

पण ती मुलगी स्वतः आली. मनीषा तिचं नाव, ते बालगृहात ठेवलेलं. पुरातल्या काही पोरांना इकडे पाठवलं होतं, त्यांतली ही आपल्याच राज्यातल्या बालगृहात वाढली, म्हणून मराठी आपल्यासारखं. नर्स आहे, सिल्व्हर पार्कला भाड्याने राहते. म्हणजे बघा, तिच्या भावाचा फोटो तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, माझ्या माळ्यावर. गाळ्यात खुर्चीवर बसली, पाणी घेतलं, आणि म्हणाली, काका, मी भांडायला नाही आले. तुम्ही जुने आहात, तुम्हाला काही आठवतंय का, एवढंच विचारायचंय. तिला स्वतःला फारच थोडं आठवत होतं. पाणी नाही, आईबाप नाहीत. एक मुलगा तिला कडेवर घेऊन उभा होता आणि पाटीचा कोपरा तिच्या गुडघ्याला टोचत होता. ती रडायला लागल्यावर त्याने पाटी दुसऱ्या बाजूला धरली. नंतर तिला ताप आला, गाडीत घालून कुठेतरी नेलं, आणि तो मागे राहिला. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. किती जोर लावला तरी येत नाही, म्हणाली.

मी टेबलावरची पावतीपुस्तकं उगाच सरळ करत बसलो. कारण तो फोटो मी पाहिला होता. गच्चीवर फडक्याने पुसताना सगळी पोरं एकेकटी होती, आणि हा एकच फोटो दोघांचा. म्हणून हातात जरा जास्त वेळ राहिला. मग मी तो चळतीत ठेवला, त्यावर दुसरा ठेवला.

मला गप्प राहता आलं असतं. "नाही गं, काही आठवत नाही" म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. पण मग ती अजून कुणाला तरी विचारणार, मॅडमना अर्ज करणार, कुणी सांगावं, खोकी बघायला माणूस पाठवणार. ती थांबायला पाहिजे होती. आणि समोरच्याला कसं थांबवायचं, ते भित्र्या माणसाला बरोबर कळतं.

मी म्हणालो, "हे बघ बाळा, तिथे सख्ख्या भावंडांना कधी वेगळं करत नसत. तसा नियमच होता. भाऊ असता तर तुझ्याबरोबरच पाठवला असता."

असा कुठला नियम मला माहीत होता? कुठलाच नाही. तिथल्या तिथे रचला.

तिने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. मग विचारलं, "मग तो कोण होता, काका?"

"असेल छावणीतलं कुणी पोर. लहानपणी असं होतं. ज्यानं उचलून घेतलं, तो आपला वाटतो."

तिने मान हलवली. रडली नाही. नर्स आहे ना, परक्या माणसासमोर कसं सावरायचं ते तिला येतं. जाताना वाकून नमस्कार केला मला. मी "असू दे, असू दे" म्हणालो.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही इथेच थांबावंसं वाटतंय. खरंच. यापुढचं लिहायला बसलो की उठून दार लागलंय ना ते बघून येतो.

यंदा संस्थेने ठरवलं की सगळं दफ्तर स्कॅन करून घ्यायचं. डिसोझा मॅडम मोजणीला गोदामात आल्या. खोक्यांची भीती मला नव्हती. फोटो आलेच नव्हते म्हटलं होतं, ते नव्हतेच. चहा घेताना मी आपला सहज बोलल्यासारखा, कुणा ओळखीच्या माणसाचं म्हणून विचारलं, की फोटो भिजून एकमेकांना चिकटले तर गेलेच ना? त्या म्हणाल्या, छे हो, लोक उन्हात वाळवतात तिथे गडबड होते. ओले असताना स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे आणि लगेच जाणकाराला बोलवायचं, बरेचसे वाचतात. मी विचारलं, आणि वाळून वीट झाली असेल तर? तर म्हणाल्या, तरी फेकायचे नाहीत. कधी कधी पाण्यात भिजवून हळूहळू सुटतात. सगळे नाही, पण काही सुटतात. आम्ही सोडवलेत.

त्या बोलत होत्या आणि मला माळा दिसत होता. भाऊ माळ्यावर होता. कदाचित होता. एक फोन — पुन्हा तोच एक फोन — आणि मनीषाला त्याचं तोंड दिसलं असतं. मी काय केलं असेल? तुम्ही आता मला ओळखायला लागलाच आहात.

मला एकच दिसलं, की हा पुरावा आहे. इतकी वर्षं मी त्याला मेलेला समजत होतो आणि तो जिवंत निघाला. मॅडम अजून तीन-चार आठवडे येणार होत्या, त्यांची माणसं माझ्या घरी चहाला येणार, कुणाच्या तोंडून काय निघेल? ही कधीतरी माळा आवरायला काढेल. 

घरात निर्माल्याची पिशवी होती. आमच्याकडे देवाची सुकलेली फुलं, हार, जुने फाटके देवांचे फोटो साठवून ठेवतात आणि कुणीतरी खाडीवर जाणारा बघून त्याच्याबरोबर पाठवतात. पालिकेचे निर्माल्याचे डबे आहेत, पण त्यांतलं पुढे कुणीतरी निवडतं. मी म्हटलं, आण, मीच टाकून येतो. ही बिचारी खूश झाली, देवाचं काम नवरा स्वतःहून करतोय. तिने वरून अजून दोन हार घातले आणि पिशवीला हात लावून पाया पडली. तळाशी त्या विटा होत्या. निर्माल्याच्या पिशवीत काय आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही.

जेट्टीच्या पायऱ्या उतरलो. भरती होती. फुलं सोडली, ती वाहत गेली. बाकीच्या विटा टाकल्या, त्या बुडाल्या. एक राहिली हातात. ती दोघांच्या फोटोचीच होती, हे मला माहीत होतं; गच्चीवर तिच्यावर लादी ठेवताना कोपरा कडेला रुतला होता, तो ठसा तसाच होता. पाण्यात धरली आणि सोडेना हात. किती वेळ कोण जाणे. आणि मग अंगठ्याखाली काहीतरी सरकलं. कडेचे थर फुगले, एकमेकांवरून हलायला लागले. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. वरचा एक पापुद्रा सुटून आला — माझ्या हातात, आख्खाच्या आख्खा. त्याखालच्या फोटोत खडूचा आकडा दिसत होता आणि एक लहान पाय. फ्रॉकखालचा, लोंबता, कडेवरच्या पोराचा असतो तसा.

तेव्हा मी हात उघडला.

कुणी धक्का दिला नाही. पाय घसरला नाही. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी सोडून दिलं. ते पाण्याखाली थोडा वेळ पांढरं दिसत राहिलं. आजूबाजूला दोन-तीन माणसं होती, त्यांना वाटलं मी हात जोडून उभा आहे.

त्यानंतर मनीषा मला बाजारात भेटली. कोथिंबीर निवडत होती. मला बघून आनंदाने पुढे आली आणि मी पळायची वाट शोधत होतो. म्हणाली, काका, मी शोध बंद केला, संस्थेला तसं कळवून टाकलं. इतकी वर्षं मी उगाच एका मुलाला शोधत होते, जो माझा कुणीच नव्हता. तुम्ही स्पष्ट बोललात ते बरं झालं, बाकी सगळे नुसते आशा लावत होते. आता रक्षाबंधनाला रडत नाही मी. असं म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, तुम्ही बारीक झालात, शुगर तपासून घ्या, मी येऊन रक्त घेईन घरी. खरंच आली. सुई टोचताना "दुखलं का" म्हणून विचारलं. ही तिला जेवायला थांबवते आता. पोर गुणी हाय म्हणते.

पोलिसांची भीती आहेच, गावातल्या नावाचीही आहे, पण त्यांचं एवढं नाही. आता दुसरीच लागलीय. तो चेहरा माझ्याशिवाय कुणाकडे नाही आणि माझं आता पन्नाशीनंतरचं डोकं. परवा आठवून बघितलं तर त्याचे कान कसे होते ते येईना. मी अंगणात उभा राहून घाबरून गेलो. तिला सांगायला तोंड उघडत नाही, आणि तो रोज थोडा थोडा जातोय.

म्हणून जेवढं उरलंय तेवढं इथे लिहितो. मनीषाला भाऊ होता. आठ-नऊ वर्षांचा असेल. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भुवया जाड, तिच्यासारख्याच. हसत नव्हता, सरळ कॅमेऱ्यात बघत होता. फोटो काढणार म्हणून त्यानं तिचे केस पाण्यानं चापून बसवले होते, मधोमध भांग पाडला होता. त्याचे स्वतःचे तसेच विस्कटलेले होते.